सिग्नलच्या फौजीचं घर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचे हे १९९० साली सिग्नलमन म्हणून भरती झाले आणि २०१८ साली सुभेदार होऊन घरी आले. आमचं लग्न १९९५ चं. म्हणजे या नोकरीतली तेवीस वर्षं माझीही धरली पाहिजेत. आमचं गाव सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात. इकडे फौजी नाही असं घर शोधावं लागतं. तालुक्यातल्या नव्या सुना, मुलगी फौजीला द्यायची की नाही म्हणून घुटमळणाऱ्या आया, भरतीची तयारी करणारी पोरं असे सगळे येतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. ते इथे लिहून काढले आहेत. यंत्रांबद्दलचा भाग यांनी वाचून दुरुस्त करून दिला, बाकीचं माझं.

सिग्नलमध्ये आहेत म्हणजे नेमकं काय करतात?

माझ्या आईनेही हेच विचारलं होतं. मध्यस्थ म्हणाला, "टेलिफोनचं काम आहे, बसून असतं." ते अर्धंच खरं होतं.

कोअर ऑफ सिग्नल्स म्हणजे सैन्यात निरोप पोचवण्याची जबाबदारी असलेलं दल. १५ फेब्रुवारी १९११ ला ते वेगळं उभं राहिलं. त्याआधी हे काम सॅपर्स, म्हणजे इंजिनिअर पलटणी करायच्या. म्हणून १५ फेब्रुवारीला कोअर डे असतो आणि त्या दिवशी जगात कुठेही असले तरी यांचे जुने सोबती एकमेकांना फोन करतात. ब्रीदवाक्य आहे 'तीव्र चौकस'. त्यातलं 'चौकस' मराठी माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

इथे एक गल्लत नेहमी होते. पायदळाच्या प्रत्येक पलटणीत स्वतःची सिग्नल प्लाटून असते. मराठा लाईट इन्फंट्रीच्या पलटणीत वायरलेस सेट पाठीवर घेणारा जवान मराठा लाईट इन्फंट्रीचाच असतो. ब्रिगेड, डिव्हिजन आणि त्यावरची मुख्यालयं एकमेकांना जोडून ठेवायची ते काम सिग्नल रेजिमेंटचं. हे त्यातले रेडिओ ऑपरेटर.

रेडिओचं काम मला कळलं ते लग्नानंतर दहा वर्षांनी, जरंडेश्वरच्या पायऱ्यांवर. हे म्हणाले, "मी डोंगराच्या या बाजूला आहे, तू त्या बाजूला. मी कितीही ओरडलो तरी ऐकू येणार नाही. मग वर एक माणूस बसवायचा, त्याने माझं ऐकायचं आणि तुला सांगायचं." व्हीएचएफ (व्हेरी हाय फ्रिक्वेन्सी) सेटच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, मध्ये डोंगर आला की संपलं. म्हणून उंच शिखरावर रिले पोस्ट लागते. चार-सहा माणसं, एक तंबू किंवा बंकर, सेट, बॅटऱ्या आणि चार्जिंगचं इंजिन. खालच्या दोन दऱ्यांचं बोलणं त्यांच्या डोक्यावरून जातं. एचएफची (हाय फ्रिक्वेन्सी) तऱ्हा वेगळी. ३ ते ३० मेगाहर्ट्झच्या त्या लहरी वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून खाली येतात, त्यामुळे शेकडो किलोमीटरवर बोलता येतं. पण तो थर दिवसा एक असतो, रात्री दुसरा. दुपारी छान चाललेली फ्रिक्वेन्सी रात्री नुसती खरखर करते. मग खालची फ्रिक्वेन्सी लावायची, अँटेनाची लांबी बदलायची. हे सगळं अंधारात, हातमोजे काढून.

याशिवाय लाईनवाले असतात, ते केबल टाकतात आणि तुटली की जोडतात. टेलिफोन एक्सचेंजवाले असतात, सायफरवाले, म्हणजे निरोप गुप्त लिपीत बसवणारे असतात. यंत्रं दुरुस्त करणारे टेक्निशियन वेगळे. मोटारसायकलवरून टपाल नेणारे डिस्पॅच रायडर असतात. २६ जानेवारीच्या संचलनात मोटारसायकलवर मनोरे रचणारे 'डेअर डेव्हिल्स' पाहिलेत ना? तो संघ सिग्नलचाच, १९३५ पासूनचा. आता उपग्रह आले, फायबर आलं, कॉम्प्युटरचं जाळं आलं. तरी प्रत्येक जवानाला तारेचं टोक सोलून जोडायला अजून शिकवतात.

म्हणजे मागे बसून काम. जिवाला धोका नाही, असं समजायचं का?

नाही, काकूंनो, असं समजू नका. मुलीला तसं सांगूनही देऊ नका.

अँटेना जिथे उभी असते तिथे मुख्यालय जवळ आहे हे समोरच्यालाही कळतं. सेटमधून बोललं की दिशा काढता येते. म्हणून अँटेना मुख्यालयापासून लांब लावतात आणि मध्ये केबल ओढतात, म्हणजे नेम धरलाच तर तो ऑपरेटरच्या जागेवर. लाईन पार्टीचं तर काय सांगू. गोळाबारीत केबल तुटली की दोन-तीन जण निघतात, केबल मुठीत धरून तिच्याच वाटेने चालत जातात, तुटलेलं टोक हाताला लागेपर्यंत. गोळे जिथे पडले तिथेच केबल तुटलेली असते, त्यामुळे त्यांना नेमकं तिथेच जावं लागतं. यांच्या एका लाईनमन सोबत्याचा तळहात मी पाहिला आहे. आमच्याकडे जेवायला आले होते, भाकरी मोडताना दिसला. अंगठ्याच्या मुळापासून करंगळीपर्यंत पांढरी रेघ, केबल सरकून सरकून पडलेली. माझ्या सासऱ्यांच्या हाताला मोटेच्या नाड्याची अशीच रेघ होती.

आणि उंची. आमचे हे दोन हिवाळे अशा पोस्टवर होते जिथे वरचं सामान बर्फ पडायच्या आधीच भरून ठेवतात. थंडीत बॅटरी लवकर मरते. ती राखायला झोपताना स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी घेऊन झोपायचं. लग्नाआधीच्या एका पोस्टबद्दल हे सांगतात की, पहाटे उठून आधी बॅटरी छातीशी धरायची, मग चहा.

ट्रेनिंग कुठे होतं? आईवडिलांना भेटायला जाता येतं का?

जबलपूरला एक ट्रेनिंग सेंटर आहे, पणजीला दुसरं. कोकणातल्या आणि कोल्हापूरकडच्या आयांना पणजी ऐकून बरं वाटतं, पण कोणतं सेंटर मिळेल ते आपल्या हातात नसतं. जबलपूरलाच सिग्नलचं रेकॉर्ड ऑफिस आहे. हे नाव लक्षात ठेवा, पुढे आयुष्यभर कागद तिथेच जाणार आहेत.

वरचे कोर्स महूला, मिलिटरी कॉलेज ऑफ टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंगमध्ये. यांच्या एका कोर्सच्या वेळी मी महूला गेले होते. पहिल्याच रविवारी आम्ही बाबासाहेबांच्या जन्मस्थळी गेलो. रामजी सकपाळ सुभेदार होते, लष्करी शाळेत शिकवत होते, त्यांची बदली महूला होती म्हणून १४ एप्रिल १८९१ ला बाबासाहेब तिथे जन्मले. हे तेव्हा हवालदार होते. बाहेर येताना म्हणाले, "सुभेदाराच्या घरात किती पुस्तकं असतील तेव्हा?" त्या महिन्यात आमच्या घरी पहिलं पुस्तकाचं कपाट आलं, लोखंडी, महूच्या बाजारातून घेतलेलं. पुढच्या प्रत्येक बदलीला ते ट्रकमध्ये चढलं.

भेटायचं म्हणाल तर ट्रेनिंगच्या काळात फारसं नाही. ट्रेनिंग संपताना शपथ घेतात त्या कसम परेडला जरूर जा. आईवडिलांना बोलावतात. पोरगा ओळखू येत नाही, इतका वाळलेला आणि ताठ झालेला असतो.

आमच्या मुलाला सिग्नलच हवंय. भरतीत तसं मागता येतं का?

जून २०२२ पासून जवानांची भरती अग्निपथ योजनेतून होते. चार वर्षांची सेवा, त्यातल्या जास्तीत जास्त २५ टक्के मुलांना पुढे कायम करतात. आधी ऑनलाईन लेखी परीक्षा, मग धावणं, मग मेडिकल. टेक्निकलला जायचं तर बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, गणित आणि इंग्रजी हवं, नाहीतर आयटीआय किंवा डिप्लोमा. वयाची अट आणि गुणांची अट त्या वर्षीच्या जाहिरातीतच वाचा, व्हॉट्सअॅपवर फिरणारी नको. दल कोणतं ते सैन्य ठरवतं.

चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्याला सेवा निधी मिळतो, व्याजासकट साधारण ११.७१ लाख रुपये. पेन्शन नाही. माझ्या नणंदेचा मुलगा आता यातच आहे. मी त्याला एवढंच सांगितलं की सिग्नलमध्ये नेटवर्किंगचं, फायबरचं जे काही शिकायला मिळेल ते शिकून सर्टिफिकेट खिशात घे, कारण शंभरातल्या बाहेर पडणाऱ्या पंचाहत्तरांत आपण असू शकतो हे धरूनच चालायचं. पैसे हातात आले की गावात बुलेट आणि बंगल्याचे सल्ले देणारे फार भेटतात.

लग्नानंतर सोबत राहता येतं का?

कधी येतं, कधी नाही. पोस्टिंग दोन तऱ्हेची असतात, पीस (शांत भागातली छावणी) आणि फील्ड (सीमेकडची किंवा धोक्याची जागा). पीसला कुटुंब नेता येतं. फील्डला नाही. साधारण दोन-तीन वर्षांनी बदली होते. पीसला गेल्यावरही क्वार्टर लगेच मिळत नाही, नंबर लागतो. तोवर छावणीबाहेर भाड्याने राहायचं. नवरा फील्डला गेला तर काही ठिकाणी कुटुंबासाठी वेगळी क्वार्टर असतात, त्याला एसएफ म्हणतात. शाळेत शिकणारी मुलं असतील तर त्यासाठी वेळेत अर्ज करा.

आमचा हिशेब सांगते. तेवीस वर्षांत एका छपराखाली आम्ही नऊ वर्षं काढली, तीही तुकड्यातुकड्यांत. बाकी मी गावी, सासूसासऱ्यांजवळ. हा आकडा मी सगळ्या नव्या मुलींना सांगते. ऐकून काहींचा चेहरा पडतो, पण लग्नानंतर कळण्यापेक्षा आधी कळलेलं चांगलं.

क्वार्टरमधलं आयुष्य मला आवडलं. डावीकडे तामिळनाडूची, उजवीकडे गढवालची, वर बंगालची. माझ्या पुरणपोळ्या पाहायला सगळ्या ओट्याभोवती उभ्या राहायच्या. आर्मी वाइव्ज (आता विमेन) वेल्फेअर असोसिएशन, म्हणजे आवा, १९६६ पासून आहे. तिच्या केंद्रात मी शिवण शिकले आणि हिंदीत चारचौघांसमोर बोलायला शिकले. गावी परतल्यावर मशीन घेतलं ते त्याच जोरावर. कोणी म्हणेल तिथे वरिष्ठांच्या बायकांपुढे उभं राहावं लागतं, वगैरे. मला तरी शिकायला मिळालं.

पार्ट टू ऑर्डर म्हणजे काय? सगळे त्याचीच भीती का घालतात?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून सविस्तर लिहिते.

जवानाच्या आयुष्यात काही बदललं, लग्न झालं, मूल झालं, की ते युनिटला कळवून कागदोपत्री नोंदवावं लागतं. त्या नोंदीला पार्ट टू ऑर्डर म्हणतात. ती झाली की तुम्ही सरकारच्या लेखी त्याची बायको. ती झाली नाही, तर देवाब्राह्मणासमोर लग्न होऊनही नाही. डिपेन्डंट कार्ड, दवाखाना, मुलांचा शाळेतला प्रवेश, आणि उद्या काही बरंवाईट झालं तर फॅमिली पेन्शन, सगळं याच्यावर उभं असतं.

आता आपल्याकडची अडचण पाहा. आपल्यात लग्नात मुलीचं नाव बदलतात. आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, आणि पुष्कळ घरांत तांदळात बोट फिरवून पहिलं नावही बदलतात. माझं तसंच झालं. लग्नाच्या नोंदीत सासरचं नाव. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं. आधार निघालं तेव्हा कॅम्पमधल्या मुलाने तिसरंच काही टाईप केलं, एक वेलांटी चुकवून. मी लक्ष दिलं नाही. धाकट्याच्या पार्ट टूमध्ये आईचं नाव एक, थोरल्याच्यात दुसरं. हे सगळं बाहेर आलं निवृत्तीच्या कागदांच्या वेळी. एका खिडकीवर सांगितलं प्रतिज्ञापत्र आणा, ते आणलं तर म्हणाले वर्तमानपत्रात जाहिरात द्या, ती दिली तर म्हणाले राजपत्र. एकदम कोणीच सांगितलं नाही. चौदा महिने गेले. त्या चौदा महिन्यांत मला रात्री एकच विचार यायचा, की आत्ता यांना काही झालं तर मी यांची बायको आहे हे मी कोणाला पटवून देऊ?

म्हणून कळकळीने सांगते:

- लग्न ठरतानाच ठरवा की नाव बदलायचं की नाही. बदलायचं असेल तर एकदाच, आणि सगळ्या कागदांवर तेच.
- लग्नाची नोंदणी ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत लगेच करा. नवऱ्याची रजा संपायच्या आत दाखला त्याच्या हातात द्या.
- मुलाच्या जन्मदाखल्यावरचं नाव, जन्मतारीख आणि पार्ट टूमधलं नाव, जन्मतारीख अक्षर न् अक्षर जुळवा. 'बाळ' म्हणून दाखला काढून ठेवू नका.
- पार्ट टू झाल्यावर तिची प्रत मागा. नवरा 'झालंय' म्हणाला तरी मागा.

सासूबाईंना वाईट वाटेल म्हणून नाव बदललं असं सांगणाऱ्या मुली मला भेटतात. घरात त्या नावाने हाक मारू द्या. कागदावर जन्माचं नाव राहिलं तर काही बिघडत नाही.

फोन आला नाही तर काय समजायचं?

आधी आमच्या वेळचं सांगते. १९९९ च्या उन्हाळ्यात हे कारगिलकडे होते. थोरला दोन वर्षांचा. गावात दूरदर्शनवर रोज बातम्या, आणि फोन ग्रामपंचायतीजवळच्या एसटीडी बूथवर. यांचा पत्ता म्हणजे नंबर, नाव, युनिट आणि 'मार्फत ५६ एपीओ', म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस. कुठे आहेत ते त्या पत्त्यावरून कळत नाही, तो तसाच बनवलेला असतो.

लग्नानंतरच्या पहिल्याच फील्डला जाताना यांनी एक पद्धत लावून दिली होती. प्रत्येक पत्रावर डाव्या कोपऱ्यात नंबर टाकायचा. त्यांच्या पत्रांचे त्यांचे नंबर, माझ्या पत्रांचे माझे. आणि प्रत्येक पत्रात लिहायचं की तुझं अमुक नंबरपर्यंत मिळालं. सेटवर निरोप असेच नंबराने जातात, म्हणजे मधला गहाळ झाला तर लगेच कळतं. त्या जूनमध्ये मला १२ नंबरचं पत्र आलं आणि मग काहीच नाही. एकवीस दिवस. पोस्टमनकाका आमच्या दारावरून जाताना मान खाली घालून जायला लागले. मग एका दुपारी पत्र आलं, त्यावर नंबर १४. मी उभ्या उभ्या आधी तारीख पाहिली, मग आकडा पाहिला आणि सासूबाईंना सांगितलं, "आई, तेरावं मागे राहिलंय, येईल." तेरावं ऑगस्टमध्ये आलं. त्यात फक्त एवढंच होतं की भुईमूग किती झाला ते कळव. ती सगळी पत्रं माझ्याकडे आहेत, काळ्या ट्रंकेत.

नंतर उंच पोस्टवर उपग्रहाचे फोन आले. मिनिटाला पाच रुपये पडायचे, २०१७ च्या दिवाळीपासून एक रुपया झाला. पण फोन एक आणि माणसं पुष्कळ. रांग असते. त्यामुळे बोलायचं काय हे आधी ठरवून ठेवायला मी शिकले. चुलीजवळच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवायची: फी, डोस, विहिरीची मोटार, आईचं बीपी. यांची एक सवय होती, मी सांगितलेली तारीख किंवा आकडा ते उलट म्हणून दाखवायचे. "फी अठराला, बाराशे." मी 'हो' म्हटलं की पुढचं. पहिल्या वर्षी मला राग यायचा, नवरा बोलतोय की कारकून. नंतर कळलं की ज्याच्या कानात दिवसभर अर्धवट शब्द पडतात तो आपलं बोलणं किती जपून घेतोय. फोन संपवताना हे शेवटी 'आउट' म्हणायचे, कधी चुकून, कधी मुद्दाम. 'ओव्हर' म्हणजे आता तू बोल, 'आउट' म्हणजे संपलं. सिनेमात दोन्ही एकदम म्हणतात ते चूक आहे, एवढं आमच्या मुलांना चौथीतच माहीत होतं.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. फोन आला नाही तर बहुतेक वेळा हवामान खराब असतं, ड्यूटी बदललेली असते किंवा माणूस अशा जागी गेलेला असतो जिथून बोलायची परवानगी नाही. सिग्नलवाल्याच्या घरी हे जास्त लागतं, कारण सेट त्याच्या हातात असतो आणि तरी तो त्यावरून घरी बोलू शकत नाही. तो सेट त्याचा नसतो. वाईट बातमी सैन्य फोन न लागल्यामुळे अडवून ठेवत नाही. ती माणसाकरवी, रीतसर, घरापर्यंत येते. मी स्वतःला रोज हेच सांगत होते. युनिटचा कुटुंबांसाठीचा नंबर नवऱ्याकडून आधीच लिहून घ्या आणि त्यावर फोन करायला संकोच करू नका.

नवरा कामाचं काही सांगत नाही. माझ्यावर विश्वास नाही का?

आहे, म्हणूनच सांगत नाही. सायफरच्या माणसाची बायको तर जन्मात काही ऐकत नाही. १९२३ चा ऑफिशियल सिक्रेट्स अॅक्ट आजही लागू आहे. तो मोडला तर शिक्षा त्याला होते.

आणि आपण काय करतो? स्टेशनवर निरोप देतानाचा फोटो टाकतो, खाली गाडीचं नाव, युनिटचं नाव, 'मिस यू'. जुलै २०२० मध्ये सैन्याने जवानांना ८९ अॅप काढून टाकायला लावली, फेसबुक आणि इन्स्टाग्रामसकट. ते उगाच नाही. अनोळखी बाईच्या नावाने गोड बोलून माहिती काढणारी माणसं जवानांच्या बायकांनाही मैत्रीची विनंती पाठवतात. वर्दीतला फोटो, जागा, सुट्टीची तारीख, यातलं काहीही नको.

रजा किती मिळते?

जवान आणि जेसीओ (नायब सुभेदारापासून सुभेदार मेजरपर्यंतचे) यांना वर्षाला साठ दिवस वार्षिक आणि तीस दिवस किरकोळ. पण एकदम नाही, आणि हवी तेव्हाही नाही. गणपतीला आले तर दिवाळीला नाहीत. आमच्या दोन्ही बाळंतपणांना हे नव्हते.

मुलांच्या शिक्षणाचं काय?

बदलीत नेलंत तर केंद्रीय विद्यालय किंवा आर्मी पब्लिक स्कूल. केंद्रीय विद्यालयात बदलीवाल्यांच्या मुलांना प्रवेशात प्राधान्य असतं, आणि पुस्तकं देशभर तीच, त्यामुळे अभ्यास तुटत नाही. मराठी मात्र तुटते. थोरला तिसरीत असताना आजीला हिंदीत उत्तर द्यायला लागला तेव्हा मी घाबरले. रोज रात्री एक पान मराठी वाचायचं असा नेम केला, वडिलांना पत्रही मराठीतच लिहायचं. त्याच्या पहिल्या पत्रात 'पाऊस' शब्दाच्या तीन तऱ्हा होत्या. हे म्हणाले, तिन्ही पोचल्या.

गावी ठेवलंत तर साताऱ्याचं सैनिक स्कूल आहे, देशातलं पहिलं, २३ जून १९६१ चं. सहावी आणि नववीला प्रवेश परीक्षा असते, फौजींच्या मुलांना राखीव जागा आहेत आणि आता मुलींनाही प्रवेश आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी सैनिकी मुला-मुलींची वसतिगृहं आहेत, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा. पुष्कळांना ती माहीतच नसतात.

रजेवर आलेला माणूस परका का वाटतो?

पहिले आठ दिवस वाटतो. त्याला वेळ द्या. हे आले की पहिले काही दिवस रात्री दोनला उठून बसायचे, कारण ती ड्यूटी बदलायची वेळ. कुकरच्या शिट्टीने जाग यायची नाही, पण रेडिओ नीट न लागल्याची बारीक खरखर झाली की ताडकन उठायचे. आता कान कमी झाले आहेत, डावा जास्त. वर्षानुवर्षं त्याच कानाला हेडसेट. तुमच्या नवऱ्याला हाक ऐकू आली नाही तर भांडण काढण्याआधी कान तपासून घ्या, आणि ते नोकरीत असतानाच, मेडिकल बोर्डासमोर. नंतर सिद्ध करणं फार कठीण जातं. आमचं राहून गेलं.

आणखी एक. तो नसताना तुम्ही घर चालवलेलं असतं. पेरणी, कर्ज, दवाखाना, भाऊबंदकी. तो आला की लोक त्याच्याशी बोलायला लागतात आणि तुम्ही पुन्हा आत. हे मला फार लागायचं. एकदा सोसायटीच्या सचिवांनी यांना विचारलं, "किती कर्ज उचलायचं यंदा?" हे म्हणाले, "मला काय माहीत? त्यांना विचारा," आणि माझ्याकडे हात केला. त्या दिवसापासून सोसायटीचा माणूस मलाच विचारतो.

मुलींना सिग्नलमध्ये जाता येतं का?

अधिकारी म्हणून येतं, आणि नव्वदीच्या दशकापासून जात आहेत. २०२० च्या आर्मी डे परेडला पुरुषांच्या तुकड्यांचं नेतृत्व केलेल्या कॅप्टन तानिया शेरगिल सिग्नलच्याच. २०१६ मध्ये पुण्याला अठरा देशांचा युद्धसराव झाला, त्यात भारताच्या तुकडीच्या प्रमुख होत्या तेव्हाच्या लेफ्टनंट कर्नल सोफिया कुरेशी, त्याही सिग्नलच्या. मे २०२५ मध्ये त्यांनाच सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. माझी पुतणी त्या दिवशी टीव्हीसमोरून हलली नाही. पदवीनंतर सीडीएसची परीक्षा देता येते, आणि २०२१ पासून मुलींना एनडीएचीही दारं उघडली आहेत.

निवृत्तीनंतर काय काय करावं लागतं?

पेन्शन स्पर्श या प्रणालीतून येते, दरवर्षी हयातीचा दाखला द्यायला विसरू नका. बँक खातं नवराबायको दोघांच्या नावावर ठेवा. ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना, २००३ पासून आहे, तिचं कार्ड निवृत्तीआधीच अर्ज करून काढा. वन रँक वन पेन्शन १ जुलै २०१४ पासून धरली जाते. पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, हातात आला की त्यावरचं तुमचं नाव आणि जन्मतारीख त्याच दिवशी वाचा. वर पार्ट टूबद्दल लिहिलं आहे, ते पुन्हा वाचा.

नोकरी मिळते, पण बहुतेकांना सिक्युरिटीचीच सांगतात. ज्याने सव्वीस वर्षं एक्सचेंज सांभाळलं त्याला सोसायटीच्या गेटवर उभं केलेलं पाहून मला वाईट वाटतं. काम हलकं म्हणून नव्हे, त्याला जे येतं ते कोणी विचारलंच नाही म्हणून. टेक्निशियन असाल तर कोर्सची सर्टिफिकेटं जपा आणि अर्जात कामाचं वर्णन सैन्याच्या शब्दांत न लिहिता साध्या शब्दांत लिहा: फायबर जोडणी, नेटवर्क देखभाल, जनरेटर, इतक्या माणसांची जबाबदारी.

निवृत्त माणूस घरी वायरलेस सेट ठेवू शकतो का?

परवाना काढला तर ठेवू शकतो. हौशी रेडिओ, लोक हॅम म्हणतात. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा द्यावी लागते. रिस्ट्रिक्टेड आणि जनरल अशा दोन पायऱ्या आहेत, जनरलला मोर्सही (कडकट्ट आवाजाची सांकेतिक लिपी) यावं लागतं. वय बारा पूर्ण असलं की कोणीही बसू शकतं. परवान्याबरोबर व्हीयू या अक्षरांनी सुरू होणारं स्वतःचं कॉलसाईन, म्हणजे रेडिओवरचं ओळखीचं नाव, मिळतं. परवान्याशिवाय सेट लावणं गुन्हा आहे, जुना फौजी असला तरी.

यांनी परीक्षा २०१९ ला दिली. आमच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीपासून शेजारच्या आंब्यापर्यंत तार ताणलेली आहे, ती याचसाठी. आंबा चुलत दिरांचा, त्यांनी आनंदाने खिळा मारू दिला. रात्री नऊनंतर हे वर असतात. पुतणी शेजारी बसून वहीत लिहिते, कोण बोललं, कुठून, किती वाजता, आवाज किती स्पष्ट. परीक्षेबद्दल ज्या मुलांना विचारायचं असेल त्यांनी त्या वेळी खुशाल यावं. येताना उजव्या बाजूने बोला.